लहान विमानाला कडता चालत नाही

लहान विमानानं जायचं असेल तर पहिली सूचना अशी, की वजन खरं सांगावं. दुसरी, शेजाऱ्याचं ऐकू नये. तिसरी सूचना बायकोच्या वजनासंबंधी आहे, ती जरा थांबून सांगतो, कारण आत्ता ती पलीकडच्या खोलीत शेंगा फोडत बसलीय आणि तिचे कान तिखट आहेत.

वैशाखात आम्ही उत्तरेला डोंगरात जाऊन आल्यापासून लोहाऱ्यात विमानाचं काही निघालं की लोक माझ्याकडं पाठवतात. परवा तहसीलमधल्या एका कारकुनाची मेहुणी तिकडं यात्रेला निघाली, तर त्यानं भर रस्त्यात मोटारसायकल थांबवून मला पंधरा मिनिटं विचारलं. कानात कापूस घालायचा का, खिडकीशी बसायचं का, पोट डचमळतं का. मी सगळं सांगितलं. सांगायला मला आवडतं. तुम्ही स्वतः त्या विमानात किती वेळा बसलात, असं मात्र अजून कुणी विचारलेलं नाही, आणि मीही होऊन तो विषय काढत नाही.

माझं नाव बिरदेव. एकतीस वर्षं मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, परवानाधारक मापाडी होतो. कुठल्या मोंढ्यात ते सांगत नाही, कारण तिथले आडते, म्हणजे मालाचे दलाल, अजून भेटले की रामराम घालतात आणि तो मला हवा आहे. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन पुकारणारा माणूस. तूर असो, हरभरा असो, सोयाबीन असो, मी पुकारलं की झालं. शेतकरी एका बाजूनं आणि आडत्या दुसऱ्या बाजूनं माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. घरात माझ्या तोंडाकडं कुणी बघत नाही, ती गोष्ट वेगळी.

ज्यांनी मोंढा पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो, पुढं कामाला येतील. पोत्यासकट माल तोलला की पोत्याचं वजन कमी करतात, त्याला बारदान वजा करणं म्हणतात. ते न्यायाचं आहे. त्याच्यावर पुन्हा ओल आहे, माती आहे, उंदीर खातील, असं काहीबाही म्हणून आणखी किलो-दोन किलो कापतात, तो कडता. तो न्यायाचा नाही. सरकारनं कधीच बंद केलाय, पण हाताला लागलेली सवय हुकमानं सुटत नाही. कुठलाही आकडा माझ्या तोंडातून बाहेर पडायच्या आधी थोडा कापला जातो. वय विचारलं तरी मी दोन कमी सांगतो.

तर आमची एकुलती लेक मंजुषा. जावई समर्थ रस्त्याच्या कामावर इंजिनिअर आहे आणि त्याची नेमणूक झाली ती थेट हिमालयात, नागथल म्हणून गाव आहे तिथं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. आठवा सरत आला की मंजुषा येणार म्हणून गजराबाईनं, म्हणजे आमच्या घरातल्या सरकारनं, मधल्या खोलीला रंग देऊन घेतला, बाज विणून घेतली, शेगडीसुद्धा आणून ठेवली. पण लेकराला घाई. महिनाभर आधीच, तिकडंच, मुलगी झाली. एकोणीसशे ग्रॅमची.

आकडा ऐकून गजरा देवाशी जाऊन बसली. मला मात्र आधी काही उमजेना. मी आयुष्यभर क्विंटलात बोललेला माणूस. मग घरातला तांदळाचा डबा काढून त्यातून एकोणीसशे ग्रॅम तांदूळ मोजले, फडक्यात बांधले आणि ते गाठोडं दोन्ही हातांत धरून पाहिलं. लगेच खाली ठेवलं. गजरानं विचारलं काय करताय, तर काही नाही म्हणालो.

त्यानंतर रोज सकाळी फोन. अठराशे साठ. मग अठराशे दहा. डॉक्टर म्हणाले होते की पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतंच, नंतर चढायला लागतं, काळजी करू नका. डॉक्टरला म्हणायला काय जातंय. सातव्या दिवशी नर्सबाई घरी येऊन तोलून गेली, सतराशे नव्वद. त्यानंतर मंजुषा आकडा सांगेनाशी झाली. विचारलं की म्हणायची, दूध पितीय आबा, चांगलंय. नर्सबाई पुन्हा येणार ती चौदाव्या दिवशी. समर्थला आई नाही, घरात बाईमाणूस म्हणून कुणी नाही. गजरानं फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोर एकटी त्या लेकराकडं बघत बसली असंल. मला तिथं नेऊन पोचवा."

पोचवायची अडचण अशी, की गजराला गाडी लागते. लागते म्हणजे किती, तर लोहाऱ्याहून उमरग्याला जाताना दोन पिशव्या लागतात, आणि तो रस्ता सपाट आहे. डेहराडूनहून नागथलचा रस्ता जीपनं दीड दिवसाचा, आणि समर्थ म्हणाला त्यात सरळ तुकडा मोजून तीन ठिकाणी आहे. मग कळलं की तिकडच्याच एका लहानशा कंपनीचं विमान आहे, एकोणीस माणसांचं, आठवड्यातून तीनदा जातं, पंचावन्न मिनिटांत पोचवतं. हैदराबादहून डेहराडूनला मोठं विमान आणि तिथून हे पिल्लू. अकराव्या दिवशी पोचलो तर बाराव्याचं बारसंही साधत होतं.

तिकीट काढायला तहसीलसमोर बलभीमच्या ऑनलाइन सेंटरात गेलो. सातबारा, पीकविमा आणि जातीचा दाखला यांच्यात बलभीमचा हात कुणी धरणार नाही, पण विमान त्याच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं. गजराच्या आधारवर नुसतं गजरा आणि बँकेत गजराबाई, त्यात तासभर गेला. मग त्या लहान कंपनीच्या अर्जात एक रकाना निघाला जो मोठ्या कंपनीच्या अर्जात नव्हता. प्रवाशाचं वजन. बलभीमनं दोनदा वाचलं आणि म्हणाला, मामा, हे माणसाचं विचारतंय. सेंटरात पीकविम्याला आलेली पाच-सहा माणसं होती, तीही पुढं सरकून बघायला लागली.

आता तिसरी सूचना. बायकोचं वजन बायकोला विचारू नये, अंदाजानंही लिहू नये. काट्यावर घालावं. मी तिथूनच घरी फोन लावला. गजरा म्हणाली, लग्नाच्या वर्षी सरकारी दवाखान्यात बावन्न भरलं होतं, तेच लिहा. आता मी असा माणूस, की पोत्याच्या कानाला हात लावून किलो सांगणारा. नजरेनं मला ती छप्पन्न दिसत होती. पण फोन स्पीकरवर, समोर अख्खी पंचक्रोशी. मी बावन्न लिहायला सांगितलं. माझं स्वतःचं मोंढ्यातल्या काट्यावर एकाहत्तर भरलेलं. त्यातून धोतर-सदऱ्याचा एक, चपलांचा एक, आणि सकाळचा घोटभर चहा-पाणी धरून एक, असे तीन किलो कापून अडुसष्ट लिहिलं. यात मी काही लबाडी करतोय असं मला वाटलं नाही, शपथेवर सांगतो. सामान माणशी दहा किलो.

दोघांचं वीस किलो. गजरानं बाळंतविडा मांडला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं, शेपा, ओवा, वेखंड, गावरान तुपाचा डबा, झबली, कुंची, दुपटी. आणि वर जावळाचं घोंगडं. कोकराची पहिली लोकर कातरतात ती जावळाची, तिचं घोंगडं मऊ असतं. गजराच्या भावाची मेंढरं अणदूरकडं असतात, त्यानं भाचीच्या लेकरासाठी मुद्दाम विणून आणलं होतं. आमच्यात लेकरू पहिल्यांदा घोंगड्यावर निजवतात, त्याशिवाय बारशाला बारसं म्हणत नाहीत. मी सगळं मोंढ्यात नेऊन तोललं, काढघाल करून माल बरोबर वीस किलोवर आणला आणि मग दोन बॅगांत भरला. बॅगांचं वजन धरलं नाही. बारदान कुणी धरतं का.

तरी पाच-सहा किलो लाडू-खारीक आणि घोंगडं उरलंच. इथं आमचे शेजारी शांतलिंगअप्पा पुढं झाले. अप्पांचं किराणा दुकान आहे आणि ते एकदा विमानानं काशीला जाऊन आलेत, त्यामुळं आळीत विमानाची सगळी माहिती आजवर त्यांच्याकडं होती. त्यांनी ओट्यावर बसून दोन कप चहा घेतला आणि म्हणाले, "बिरदेवअण्णा, विमानवाले पिशवी तोलतात, माणूस तोलत न्हाईत. जे जड असंल ते अंगावर घाला." अर्जात माणसाचं वजन विचारलंय हे मी सांगितलं तर त्यांनी हसून हात झटकला. ते नुसतं कागदाला असतंय म्हणाले. मलाही पटलं, कागदाला काय काय असतं ते मी जन्मभर पाहत आलोय.

म्हणून माझ्या जुन्या लोकरी कोटाला आतून सहा खिसे शिवले आणि त्यात तो माल बसवला, कोटासकट सात किलो. गजरानं घोंगडं अंगावर लपेटून घेतलं आणि खारका-बदामांचा बटवा कमरेला बांधला. वैशाखातली दुपार, लोहाऱ्याच्या स्टँडवर डांबर पायाला चिकटत होतं, आणि आम्ही एक कोट आणि एक घोंगडं असे उभे. येणारा-जाणारा विचारत होता की आजारी कोण आहे. मी सांगत होतो, तिकडं थंडी असते. एक म्हातारा म्हणाला, व्हय, पण तिकडं असते.

हैदराबादेला मोठ्या विमानात काहीच झालं नाही. तिथं माणशी पंधरा किलोची मुभा, आमच्या बॅगा सहज गेल्या. अंगावरचं कुणी पाहिलं नाही. मी मनात अप्पांना मानलं. विमानात गजराला गाडीही लागली नाही. ती खिडकीला डोळे लावून बसली होती आणि अधूनमधून, आत्ता दूध पाजायची वेळ झाली असंल, एवढंच म्हणत होती.

चौथी सूचना. डेहराडूनला मोठ्या विमानातून उतरून लहान विमानाच्या रांगेत गेलात की मोठ्या विमानात शिकलेलं सगळं विसरून जा. त्या कंपनीचं म्हणजे एक टेबल, एक काटा आणि एक बाई. बाईंचं नाव नेगी, छातीवर पाटी होती. वयानं मंजुषाएवढ्या, बोलायला अतिशय मऊ. दोन्ही बॅगा काट्यावर ठेवल्या, चोवीस भरल्या. मी माझ्या हिंदीत समजावलं, की मॅडम, माल बीसच है, चार किलो बारदान है, वो काट डालो. त्यांना बारदान कळलं नाही. मी बॅगेचं कापड चिमटीत धरून दाखवलं. त्या म्हणाल्या, अंकलजी, विमान तर बॅगपण उचलणारच ना. मी तोंड असं केलं, की हे मला आधीपासूनच ठाऊक होतं.

मग त्यांनी काट्याकडं हात केला आणि म्हणाल्या, अब आप.

एकतीस वर्षं मी काट्याच्या या बाजूला उभा होतो. त्या बाजूचं माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मागं पंधरा-सोळा माणसं रांगेत, एक रिटायर सुभेदार, दोन मास्तरणी, एक बाई कडेवर टीव्हीचा खोका घेऊन. मी चढलो. अठ्ठ्याहत्तर. नेगीबाईंनी कागद पाहिला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा काटा पाहिला. कागदावर अडुसष्ट.

आता कुणीही भला माणूस इथं गप्प बसला असता. पण काटा हा माझा विषय. मी विचारलं, या काट्यावर तपासणीचा शिक्का कधीचा आहे. मोंढ्यात हा प्रश्न विचारला की भलेभले आडते पाणी मागायला जातात. नेगीबाईंनी काटा जरासा वळवून बाजूची चिठ्ठी दाखवली. गेल्या महिन्यातली. वर त्यांनी बाजूचं वीस किलोचं प्रमाण वजन उचलून ठेवलं, बरोबर वीस दाखवलं. सुभेदारांनी मागून विचारलं, तसल्ली हुई? मी काट्यावरून उतरलो.

गजरा चढली. पासष्ट. मी बावन्न लिहिलेले. घोंगडं आणि बटवा चार किलोचे धरले तरी एकसष्ट, म्हणजे माझी नजरसुद्धा पाच किलोनं चुकलेली. आयुष्यात कुठल्या पोत्याबाबत माझी नजर पाच किलो चुकली नव्हती. पण छत्तीस वर्षांत त्या पोत्याकडं मी नीट पाहिलंच नव्हतं म्हणायचं, दुसरं काय. ही तुलना मी गजराला अजून सांगितलेली नाही.

नेगीबाईंनी बेरीज केली. कागदावर आम्ही दोघं सामानासकट एकशे चाळीस. काट्यावर एकशे सदुसष्ट. सत्तावीस किलो जास्ती. त्या शांतपणे समजावत होत्या, की दुपारी हवा तापली की विमान कमी वजन उचलतं, लोकांनी लिहून दिलेल्या आकड्यांवरच आजचा हिशोब बसवलाय, पायलटसाहेब एक किलो इकडचा तिकडं करणार नाहीत, पुढं डोंगर आहेत. सत्तावीस किलो इथं ठेवा, परवाच्या विमानानं पाठवते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्या नाहीत, म्हणून मला फार लाजल्यासारखं झालं. हे सत्तावीस किलो दुसऱ्या कुणाचे नव्हते. बारदानाचे चार, शांतलिंगअप्पांचे अकरा, आणि उरलेले बारा मी बलभीमच्या सेंटरात बसून स्वतःच्या हातानं कापलेले.

मी कोट काढून टेबलावर ठेवला आणि बॅगा बाजूला ओढायला लागलो. सामान परवा येईल, आपण तर जाऊ. गजरानं बॅगेचा पट्टा धरला. सोडेना.

"मला मोकळ्या हातानं लेकीच्या दारात नेऊ नका," ती म्हणाली. "लाडू न्हाईत, अळीव न्हाई, लेकराच्या अंगाखाली घोंगडं न्हाई. मग म्या जाऊन करू काय? नुसती बघत बसू तिच्यासारखी?"

तिचे डोळे भरून आले होते. पोरीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून ती एकेक वस्तू गोळा करत होती. ते सामान म्हणजे तिच्या जिवाचं औषध होतं. मग मी तिथंच, त्या टेबलाशी उभं राहून, माझं शेवटचं तोलाईचं काम केलं. एका बाजूला लाडू, अळीव, तूप, घोंगडं. दुसऱ्या बाजूला मी. बाळंतिणीला यातलं काय लागतं? गजरा तर लागतेच. तूप लागतं. अळीव लागतात. आजोबा लागतो असं कुठल्या वैद्यानं लिहिलेलं माझ्या ऐकिवात नाही. आजोबा फार तर बाहेरच्या खुर्चीत बसून पेपर मागणार. इतका सरळ हिशोब मी मोंढ्यात कधी केला नव्हता, आणि इतका झोंबणाराही.

मी नेगीबाईंना म्हणालो, हमको काटो. आधी त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी आत जाऊन पायलटसाहेबांना विचारलं आणि येऊन सांगितलं की मी थांबलो तर माझ्या तिकिटाचे अडुसष्ट किलो मोकळे होतात, त्यात सगळं सामान बसतं, कोटसुद्धा. एवढंच नाही तर पुढच्या बाजूला थोडं वजन हवंच होतं, म्हणून आंटीजींना पायलटच्या अगदी मागची जागा देते.

आता गजरा एकटीनं कधी लातूरलाही गेलेली नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, जाशील का? तुला हिंदी येत नाही.

"लेकरू काय हिंदीत रडतंय व्हय?" ती म्हणाली, आणि कोटाच्या खिशांची बटणं लावायला लागली.

जाळीच्या या बाजूनं मी पाहत होतो. ती घोंगडं लपेटून, माझा कोट हातावर घेऊन त्या पिल्लाच्या शिडीवर चढली. दारात थांबून तिनं मागं पाहिलं, हात वगैरे केला नाही, आमच्यात करत नाहीत. विमान उडालं तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, पाण्याची बाटली आणि खिशात माझा ताणकाटा होता. खालच्या हुकाला माल लटकवून तोलायचा, पाच किलोचा, पन्नास-पन्नास ग्रॅमच्या रेघांचा. निवृत्तीच्या दिवशी हमालांनी दिलेला, म्हणून मी बरोबर बाळगतो. कोट गजराकडं देताना तेवढा काढून घेतला होता.

मग मी जीपनं गेलो. दुपारी निघून संध्याकाळी एका गावात मुक्काम, पहाटे पुन्हा चाल. त्या प्रवासाबद्दल एवढंच सांगतो, की छत्तीस वर्षं मी गजराला चिडवत आलो, की गाडी लागणं हे निव्वळ मनाचे खेळ आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या वळणावर मी शेजारच्या माणसाकडं पिशवी मागितली. नऊ वाजेपर्यंत त्याच्याकडच्या संपल्या.

नागथलला पोचलो तेव्हा बाराव्या दिवसाची दुपार झाली होती. समर्थ जीपपाशी घ्यायला आला होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की आई मजेत आहेत. मजेत म्हणजे केवढ्या, ते घरात गेल्यावर कळलं. गजरा शेजारच्या चार पहाडी बायकांना मराठीतून विमानाचं वर्णन सांगत बसली होती आणि त्या मान डोलावत होत्या. विमान लई बेस, एस्टीपेक्षा बरं. खाली बघायचं न्हाय, सरळ समोर बघायचं. कानात कापूस घालायचा, पण आधी पाणी प्यायचं. उतरताना पोट वर येतं तेव्हा काहीतरी चघळत राहायचं. उतरल्यावर तिनं पायलटला डिंकाचा लाडू दिला, त्यानं तिथंच उभं राहून खाल्ला. तर लोहाऱ्यात मी जे सगळं सांगत असतो, ते हे. आता कळलं असेल.

मंजुषा आतल्या खोलीत होती. पोर वाळली होती. घोंगड्यावर लेकरू निजलं होतं, मुठी मिटलेल्या, चेहरा माझ्या आईवर गेलेला. बारशाची तयारी होती, पण गजरानं माझ्यासाठी थांबवलं होतं. मंजुषा माझ्याकडं बघून हसली आणि मग तिनं माझ्या पिशवीकडं पाहिलं.

"आबा, काटा आणलाय?" ती म्हणाली. "मला नर्सबाईच्या काट्याचा धसका बसलाय. तुमी तोला. कडता कापू नका, अन् माझ्यासाठी वाढवूनबी सांगू नका."

मी हात धुतले. गजरानं दुपट्याची झोळी केली. आधी रिकामी झोळी हुकाला लावून पाहिली, दीडशे ग्रॅम, म्हणजे तीन रेघा. हे बारदान. मग गजरानं लेकरू झोळीत ठेवलं, दोन्ही हात खाली धरून राहिली, आणि मी काटा उचलला. पोत्यांवर पोती उचलणाऱ्या हमालांचा हा काटा माझ्या हातात कधी इतका जड झाला नव्हता. काटा वरखाली हलत होता, कारण लेकरू पाय मारत होतं. मोंढ्यात मी कधी काटा थांबायची वाट पाहिली नाही. सुई हलती असतानाच पुकारायचो, पन्नास-शंभर ग्रॅमला कोण विचारतो. समोरचा शेतकरी वाट बघत उभा असायचा, त्याचं वर्षाचं पीक असायचं ते. तो काय म्हणत असेल मनात, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

मी थांबलो. मंजुषा माझ्या तोंडाकडं बघत होती. गजरा बघत होती. समर्थ दारात बघत होता. लेकरानं एकदा जांभई दिली आणि निजलं. सुई स्थिर झाली. दोन हजारांवर दोन रेघा. मी पुन्हा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग तोंडानं तीन रेघा उलट्या मोजल्या.

"बारदान जाऊन एकोणीसशे पन्नास," मी पुकारलं. मोंढ्यात पुकारायचो तसंच, मोठ्यानं. "जन्माच्या वर एक रेघ."

मंजुषानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि पाच दिवसांचं रडणं एकदम रडली. गजरानं लेकराला झोळीतून काढून छातीशी धरलं आणि मला म्हणाली, तुमी बी बसा, उभं काय राहिलाय. पण मला बसता येईना. एकतीस वर्षांत किती पन्नास ग्रॅम माझ्या तोंडून कापले गेले असतील ते मी त्या घोंगड्याशी उभा राहून मोजत होतो, आणि ते काही मोजून होईना.

परत येताना त्याच कंपनीचा अर्ज समर्थनं मोबाइलवर भरला. वजनाच्या रकान्याशी तो थांबला आणि सासऱ्याला कसं विचारावं म्हणून घुटमळला. मी सांगितलं, आईंचं एकसष्ट. माझं एकाहत्तर, धोतर, चपला आणि चहा धरून. निघायच्या दिवशी नागथलला ढग उतरले आणि विमान आलंच नाही, ती गोष्ट वेगळी. आम्ही दोघंही जीपनं डेहराडूनला आलो, एकमेकांच्या पिशव्या धरत.